घरपट्टी नाशिकची, पण तिचं गणित मंत्रालयात

घरपट्टीची बिलं आली की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, "एवढे पैसे घेतात, देतात काय?" त्याच्याखाली कोणीतरी लिहितो की मुंबईत पाचशे फुटापर्यंत माफ आहे, मग नाशिककरांनीच काय पाप केलंय. तिसरा जण नगरसेवकाला टॅग करतो, चौथा गुड मॉर्निंगचं फूल टाकतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. माझं म्हणणं एवढंच की या सगळ्यातल्या निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर चालल्यात. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनाच्या, म्हणजे महापालिकेच्या (मनपाच्या) मुख्यालयाच्या, वाट्याच्या शिव्या आहेतच, त्या काही मी माफ करत नाही, पण बाकीच्या मुंबईला मंत्रालयात जायला पाहिजेत आणि तिथे एकही जात नाही.

आधी बिल बघा की. खालचा आकडा बघून सगळे घाबरतात, वरच्या ओळी कोणी वाचत नाही. सामान्य कर असतो, मग पाणी, मलनिस्सारण, रस्ता, आग, झाडं असे वेगवेगळे हेड असतात, आणि त्यातच एक शिक्षण कर असतो. लोकांना वाटतं मनपाच्या शाळांसाठी असेल. नाही. तो राज्य सरकारचा उपकर आहे, १९६२ च्या कायद्यातला, आणि दुकान किंवा गाळा असेल तर त्याच कायद्यातला रोजगार हमी उपकर पण लागतो. हे पैसे मनपा गोळा करते आणि राज्याला देते. म्हणजे बिलावर नाव मनपाचं, वसुलीला दारात येणार मनपाचा माणूस, शिव्या पण मनपाला आणि त्यातला एक तुकडा जाणार थेट वर. दुकानदारांना विचारा, रोजगार हमी म्हटलं की त्यांना गावाकडचे खड्डे आणि बांध आठवतात, आपण पण त्यात पैसे भरतो हे सांगितलं की तोंड बघण्यासारखं होतं.

पण हा तुकडा तसा लहान. खरी गोष्ट जकातीपासून, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर लागायच्या त्या करापासून, सुरू होते.

आमच्या शेजारचे काका जकातीच्या काळात नाक्यावर नोकरीला होते, आता रिटायर आहेत, संध्याकाळी खाली बाकड्यावर बसतात. त्यांना नुसतं "जकात" म्हणा, तासभर गेला समजा. विल्होळी, आडगाव, ट्रकच्या रांगा, रात्री अडीचला ड्रायव्हरशी भांडणं, बिल एका मालाचं आणि ताडपत्रीखाली दुसराच माल. जकात वाईट होती, गाड्या अडायच्या, डिझेल जळायचं, हात ओले व्हायचे, ते सगळं खरंय. काका पण नाकारत नाहीत. पण एक गोष्ट होती, पैसा रोज यायचा आणि तो शहराचा स्वतःचा होता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम वाढलं, बाजारात माल जास्त उतरला की तो गल्ल्यात दिसायचा. कोणाला पत्र लिहायला लागायचं नाही.

मग व्यापाऱ्यांची मागणी, राज्याचा निर्णय, आणि मे २०१३ मध्ये नाशिकला जकात जाऊन एलबीटी आली. एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, तोच कर पण नाक्याशिवाय, व्यापाऱ्याने स्वतः हिशोब करून भरायचा. तिलाही विरोध झाला, बंद झाले, मोर्चे झाले, आणि सरकार बदलल्यावर १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटीच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना ती माफ झाली. म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. त्या बदल्यात राज्य मनपाला अनुदान देणार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलीसुरली एलबीटी पण गेली.

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळा खेळ इथेच आहे. जीएसटी आल्यावर महाराष्ट्राने महापालिकांना नुकसान भरपाई द्यायचा कायदा केला. २०१६-१७ हे आधार वर्ष धरायचं, त्या वर्षीचं उत्पन्न धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने वाढवायचं आणि ती रक्कम दर महिन्याला द्यायची. ऐकायला झकास. आणि खरं सांगायचं तर वाईट नाहीच, आधार वर्षाला शंभर रुपये धरले तर आठ वर्षांनी ते १८५ होतात, कुठल्या एफडीत मिळतात. बऱ्याच राज्यांतल्या शहरांना असं कायद्याने काही मिळतच नाही. पण परिणाम काय झाला बघा, स्वतःचा धंदा असलेला कमावता पोरगा होता, त्याचं दुकान बंद करून त्याला महिन्याच्या महिन्याला खर्चाला पैसे द्यायला लागले. रक्कम दरवर्षी वाढते, पण शहर किती वाढलं याच्याशी तिचा काही संबंध नाही. पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत इमारतींची रांग लागली, गंगापूर रोडला मॉल-शोरूम आले, त्यांच्या विक्रीवरचा जीएसटी राज्य आणि केंद्र वाटून घेणार, आपल्याला मात्र ८ टक्केच. लोकसंख्या २०११ ला पंधरा लाखाच्या आसपास होती, आता किती हे बघायला आकडा लागत नाही, सकाळी द्वारका चौकात उभं राहा फक्त.

आज मनपाच्या अंदाजपत्रकात जमेची बाजू उघडली की सगळ्यात मोठी ओळ या जीएसटी अनुदानाची आहे, घरपट्टी त्याच्यापुढे कितीतरी पट लहान. बाकी नगररचना विभागाचं विकास शुल्क, पाणीपट्टी, आणि घर-जमिनीच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का लागतो त्याचा वाटा, तो पण राज्यामार्फतच येतो. म्हणजे मोजायला गेलं तर मनपाच्या स्वतःच्या हातात खरोखर असलेलं मोठं बटण एकच उरलंय, घरपट्टी. जरा पैसे कमी पडले की अधिकाऱ्याचा हात तिथेच जाणार, दुसरीकडे जायला जागाच नाही ठेवलेली.

आणि तिथे हात गेला की काय होतं ते आपण २०१८ ला बघितलंय. तुकाराम मुंढे फेब्रुवारीत आयुक्त म्हणून आले आणि १ एप्रिलपासून नव्या मिळकतींसाठी आणि मोकळ्या जागांसाठी करयोग्य मूल्याचे दर वाढवले. करयोग्य मूल्य म्हणजे साधं आहे, तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल असं धरायचं, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करायचे, उरलेल्यावर कर. समजा महिन्याला दोन हजार भाडं धरलं तर वर्षाचे चोवीस हजार, वजा जाऊन २१,६००, यावर टक्क्यांनी सगळे हेड लागतात. आता गंमत अशी की जुन्या घरांना जुनं धरलेलं भाडंच चालू राहतं. त्यामुळे नाशिकमध्ये एकाच गल्लीत १९९८ ची बिल्डिंग आणि २०१९ ची बिल्डिंग समोरासमोर, फ्लॅट सारखाच, आणि घरपट्टीत मोठा फरक. नव्या फ्लॅटचं लोन पण जास्त आणि घरपट्टी पण जास्त.

तेव्हा शहर पेटलं होतं. शेतकऱ्यांचे मोर्चे, कारण मोकळ्या जमिनीवर कर लागणार म्हणून, महासभेत ठराव, मुंढे ऐकायला तयार नाहीत, शेवटी अविश्वास ठरावापर्यंत गोष्ट गेली, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागे घेतला आणि नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली. मला मुंढेंची पद्धत आवडली नव्हती, कर वाढवायचा तर लोकांशी बोलायला काय जातं, पण एक प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही तो अजून विचारावासा वाटतो. जे मुख्यमंत्री २०१७ च्या निवडणुकीत नाशिक दत्तक घेतो म्हणाले होते, त्यांच्याच सरकारने एलबीटी माफ केली होती. गल्ल्यातला हात त्यांचा, मग ओरडा फक्त आयुक्ताच्या नावाने का? नगरसेवकांनी पण मोर्चा राजीव गांधी भवनावरच काढला. मुंबईचं तिकीट काढलं नाही कोणी.

बरं, महापालिकेने काही ठरवलं तरी ते टिकेलच असं नाही. महापालिका अधिनियमात ४५१ कलम आहे, राज्य सरकार पालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. त्यामुळे पाणीपट्टी वाढवायची म्हटली की वरून स्थगिती आणायचा रस्ता नेहमी मोकळा. स्थगिती देणाऱ्याचा फोटो पेपरात, पेढे वाटले जातात, आणि पंपिंगचं वीज बिल मात्र तेवढंच राहतं. गंगापूर धरणाचं पाणी आणा, मुकण्याचं आणा, दारणेचं आणा, शुद्ध करा, टाक्यांत चढवा, या सगळ्याला वीज लागते आणि वीज कंपनी काही स्थगिती मानत नाही.

आता सेवा. इथे माझा सगळ्यात जास्त राग आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वरून येणाऱ्या प्रत्येक योजनेला एक शेपूट असतं, त्याचं नाव "मनपा हिस्सा". स्मार्ट सिटीत नाशिकचा नंबर सप्टेंबर २०१६ ला लागला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. हजार कोटीची योजना म्हणून पेपरात आलं, पण त्यातले ५०० केंद्राचे, २५० राज्याचे आणि २५० आपलेच. अमृत २.० या केंद्राच्या पाणी-मलनिस्सारणाच्या योजनेत तर शहर जेवढं मोठं तेवढी केंद्राची मदत कमी, एक लाखाच्या आतल्या गावाला निम्मी, दहा लाखाच्या वरच्या शहराला २५ टक्केच, बाकी राज्याने आणि मनपाने बघायचं. आता मनपाचा हिस्सा कुठून येतो? जी कामं मनपाने स्वतःच्या पैशाने करायची त्यातून. कॉलनीतला रस्ता, उद्यानाची भिंत, शाळेचं छत, हे सगळं पुढच्या वर्षावर. आणि अंदाजपत्रकात दायित्व नावाचा एक शब्द वाढत जातो, म्हणजे कामं मंजूर झाली, वर्क ऑर्डर गेल्या पण पैसे अजून द्यायचेत. नाशिकच्या पेपरांत हा शब्द इतका येतो की आमच्या आईला पण अर्थ माहीत झालाय.

आणि बांधून झालं की संपलं असं कुठे असतं. बांधायला निधी मिळतो, चालवायला मिळत नाही. मलनिस्सारण केंद्र बांधलं, उद्घाटनाला मंत्री, त्याच्यानंतर वीज, केमिकल, माणसं, दुरुस्ती हे वर्षानुवर्ष मनपाचं. सीसीटीव्ही बसवले, त्यांचं मेंटेनन्स कोणाचं? उद्घाटनाच्या कोनशिलेवर ज्यांची नावं असतात त्यांच्यापैकी कोणी वीज बिल भरत नाही.

सिटी बसचंच घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्ष एसटी महामंडळ शहर बस चालवायचं. तोटा होतो म्हणून त्यांनी गाड्या कमी करत आणल्या, आणि शेवटी ती जबाबदारी मनपाच्या अंगावर आली. ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली. बस चांगल्या आहेत, मी वापरतो, कॉलेजची पोरं-पोरी वापरतात, सिन्नर-त्र्यंबकला जाणारे वापरतात, हवीच ती सेवा. ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे आणि तिकिटाचे पैसे मनपाच्या कंपनीकडे, मधला फरक म्हणजे तोटा, तो भरायचा मनपाच्या तिजोरीतून. तोटा होणारच, जगात कुठेही शहर बस तिकिटावर चालत नाही, त्याबद्दल तक्रार नाहीये. पण हा खर्च आधी राज्याच्या महामंडळाच्या वहीत होता, तो आता नाशिकच्या वहीत आला, आणि त्याच्यासोबत एक रुपयाचं कायमचं उत्पन्न आलं नाही, हे तरी मान्य करा. काका म्हणतात, "आमच्या वेळी जबाबदारी आली की नाका पण यायचा."

माणसांचं पण असंच. मनपात जागा रिकाम्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, फायरमन कमी, डॉक्टर कमी, घरपट्टी वसूल करायला कर्मचारी कमी. भरती का करत नाहीत म्हणून आपण आयुक्ताला विचारतो. पण आकृतिबंध, म्हणजे कुठली किती पदं ठेवायची तो तक्ता, मंजूर करणार राज्य, आणि आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरेचा, ३५ टक्क्यांच्या वर गेला तर भरतीला अडकाठी, हा नियम पण राज्याचा. वेतन आयोग लागू केला की पगार वाढणार, टक्केवारी आपोआप वर जाणार, मग भरती बंद. मग ठेक्यावर माणसं, आणि ती पुढे संपावर. घरपट्टी वसूल करायलाच माणसं नाहीत म्हणून थकबाकी वाढते, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती फुगून मूळ रकमेच्या वर जाते, मग कोणी भरतच नाही, मग अभय योजना काढून शास्ती माफ. ज्याने एप्रिलमध्ये सवलत घेऊन वेळेवर भरली त्याला वाटतं आपणच येडे. आमच्या ग्रुपवर हे दरवर्षी एकजण लिहितोच आणि त्याचं काही चुकत नाही.

आता मुंबईची माफी. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारने मुंबईत पाचशे चौरस फुटापर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला, पालिकेची निवडणूक समोर होती हे सांगायला नको. नंतर ठाण्यात पण झालं. तेव्हापासून नाशिकमध्ये प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात ती ओळ असते. मला पण आवडेल हो, कोणाला नको आहे. पण मुंबई महापालिकेकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत आणि तिची जकातीची भरपाई पण तेवढीच तगडी. नाशिकमध्ये पाचशे फुटाच्या आतली घरं किती आहेत बघा, सिडकोच्या सहा योजनांतली घरं आठवा, सातपूर कॉलनी, नाशिकरोडची जुनी बिल्डिंग. एवढी माफ करायची तर तेवढे पैसे राज्याने दरवर्षी मनपाला द्यायचे असं कायद्यात लिहून द्या आणि मग खुशाल माफ करा. ते लिहून द्यायला कोणी तयार नसतं. घोषणा करणारा वेगळा आणि खिसा वेगळ्याचा.

दुसऱ्या बाजूला वरूनच उलटा दट्ट्या पण असतो, ही मजा बघा. २०२० मध्ये कोविडच्या वेळी केंद्राने राज्यांना जास्तीचं कर्ज काढायची मुभा दिली, त्यातल्या एका हिश्श्याला अट होती की शहरांमध्ये मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि ते बाजारभावाशी जोडा. मग पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं, शहरांना अनुदान हवं असेल तर राज्याने किमान दर अधिसूचित करावेत आणि घरपट्टीची वसुली दरवर्षी राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या प्रमाणात वाढली पाहिजे. म्हणजे दिल्ली म्हणते वाढवा, मुंबई म्हणते निवडणूक आहे थांबा, आणि मधे मनपा. कर विभागातला माणूस मार्चमध्ये सुट्टीच्या दिवशी पण दारात का येतो, जप्तीच्या नोटिसा का निघतात, थकबाकीदारांच्या घरासमोर ढोल का वाजवतात, याचं उत्तर थोडं या अटीत पण आहे.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत हे सगळं सरळ करायचं ठरलं होतं. अठरा कामं शहरांची, आणि त्यासाठी पैसे कसे वाटायचे हे सांगायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. १९९३ ला लागू झालं. आपल्यापैकी किती जणांनी राज्य वित्त आयोगाचं नाव तरी ऐकलंय? विधानसभेच्या प्रचारात मी कधी ऐकलं नाही. मार्च २०२२ ला तर नगरसेवकांची मुदतच संपली, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये, मधली जवळपास चार वर्ष राज्याने नेमलेले प्रशासक. त्या काळात तरी "मनपाने कर लावला" म्हणण्यात फार अर्थ नव्हता, महासभा पण तेच आणि स्थायी समिती पण तेच.

आणि आता सिंहस्थ. २०२७ च्या कुंभासाठी वेगळं प्राधिकरण झालंय, त्याचा कायदा पण झाला, रस्ते, पूल, घाट, पाणी, मलनिस्सारण सगळीकडे खोदकाम चालू आहे. पैसा वरून येतोय, त्याबद्दल आनंदच आहे, एवढं आपल्याच्याने झालं नसतं. पण २०१५ च्या कुंभाला पण असेच रिंगरोड झाले होते, साधू गेले, मंत्री गेले आणि ते रस्ते मनपाच्या गळ्यात राहिले, खड्डे बुजवायला वेगळा कुंभनिधी येत नसतो. या वेळी तर आपला हिस्सा उभा करायला मनपाने २०० कोटींचे बाँड काढले, क्लीन गोदावरी नावाने, शेअर बाजारात लिस्ट झाले, गुंतवणूकदारांची गर्दी झाली म्हणून कौतुक पण झालं. कौतुक करा, पण बाँड म्हणजे कर्ज, ते व्याजासकट फेडायचं असतं आणि फेडणार आपण.

हे मी काकांना बाकड्यावर सांगितलं तर ते म्हणाले, त्यात नवीन काय, आपण १९९९ ला पण बाँड काढले होते. खरंच काढले होते, १०० कोटींचे, पाणी आणि मलनिस्सारणासाठी, देशात अहमदाबादनंतर अगदी सुरुवातीच्या शहरांत आपलं नाव होतं आणि राज्याची हमी पण घेतली नव्हती. तारण म्हणून काय दिलं होतं माहितीय का, नाक्यांवरची जकात. ती रक्कम वेगळ्या खात्यात जायची आणि त्यातून फेड व्हायची. काका म्हणाले, "आमच्या गल्ल्यावर विश्वास ठेवून लोकांनी पैसे दिले होते. आता कशावर दिले, महिन्याच्या अनुदानावर?" मी म्हटलं अनुदानावर नाहीतर घरपट्टीवर, दुसरं आहेच काय. त्यावर ते उठले, म्हणाले मग या एप्रिलमध्ये सवलत आहे तोवर भरून टाक, पुढे कोण विचारणार नाही.